मुंगीची दाढी

प्रिय दादा,

तुला जाऊन दोन पावसाळे झाले आणि पत्र आज लिहिते आहे. कारण साधं आहे. परवा माझा चष्मा आला. तो लावून तुझ्या पेटीतलं भिंग घेतलं आणि मारवाडच्या वाळवंटातून तू पाठवलेली मुंगी इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिली.

तारखात्याच्या नोकरीवर तू तिकडे गेलास, तेव्हा आईला वाटलं, पोरगा तारांचे खांब बघत बसेल. तू बसलास मुंग्यांच्या बिळाशी! पिसाच्या पोकळ दांडीत कापूस, कापसात मुंग्या, दोन्ही तोंडांना मेण. सोबत चिठ्ठी: "बाये, या गवताचं बी बिळात साठवतात, आपल्या कोपरी गावच्या खळ्यावरच्या मुंग्या भात नेतात तशाच. पण जात वेगळी आहे. हनुवटीखाली नीट बघ. तुझा हात चांगला, चित्र काढून मुंबईच्या साहेबाला धाड. तो कीटकांना नावं देतो."

मी पाहिलं होतं रे. हनुवटीखाली लांब, पुढे वळलेले केस होते. मला वाटलं, कापसाचे धागे चिकटलेत.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरचा एकच धाक होता, चित्रात घाण दिसता कामा नये. मी ते केस गाळले. इतकं स्वच्छ चित्र मी आधी कधी काढलं नव्हतं. त्याची नक्कलही वहीत जपून ठेवली.

साहेबाचं उत्तर दोन ओळींचं होतं. ही दख्खनमधली नेहमीचीच मुंगी, नवीन काही नाही. ते मी तुला पाठवलं आणि वर लिहिलं, वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझं सांत्वन करत होते!

पुढे तू रजेवर आलास. वही उघडून बराच वेळ पाहत राहिलास आणि हसलास. "बाये, मुंगीची हजामत करून टाकलीस की गं!" वहिनी हसली, मीही हसले. साहेबाला पुन्हा लिहायचं का, असं मी विचारलं तर म्हणालास, "जाऊ दे. भात वाढ."

दादा, हसून का सांगितलंस? रागावायचं होतंस. वही भिरकावायची होतीस. मला कळलं तरी असतं.

काल अंगणात भात वाळत घातलं होतं. त्यावरची एक जिवंत मुंगी उचलून तुझ्या मुंगीशेजारी ठेवली. वहिनी ओरडली, "अगं, मेलेल्या कसल्या बघत बसलीस? जित्या माझं भात नेतायत!"

आपल्या मुंगीच्या हनुवटीखाली चार आखूड केस. तुझ्या मुंगीला दाट दाढी, टोपलीसारखी. सुईच्या टोकाने ओढली तरी सुटली नाही. आणि त्या दाढीत वाळूचा एक कण अजून अडकलेला होता! या मुंग्या हनुवटीखाली वाळू धरून बाहेर टाकतात, असं तू लिहिलं होतंस. मी ती तुझी थाप समजले होते.

वहिनीला सगळं सांगितलं. ती भात पसरायची थांबली. "त्यांना ठाऊक होतं," म्हणाली. "मला म्हणाले, बाय त्या चित्रावर खुश आहे, तू काही बोलू नकोस."

म्हणजे माझ्या एका चित्रासाठी तू तुझी मुंगी सोडून दिलीस. असं करतात का कुणी?

तुझी मुंगी खरोखर वेगळ्या जातीची आहे की नाही, ते मी ठरवू शकत नाही. ते जाणकारांनी ठरवावं. पण त्यांच्यासमोर ती नीट जायला हवी. या आठवड्यात मी नवं चित्र काढते आहे. ते मुंग्यांसकट मुंबईला जाईल. तो साहेब विलायतेला परतला असेल, तर त्याच्या जागी जो असेल त्याच्याकडे. सोबतच्या पत्रात लिहीन की पाहणारा माझा भाऊ होता आणि पहिल्या चित्रातली चूक माझी होती.

हात आता थोडा कापतो. वेळ लागेल. पण या खेपेला एकही केस गाळणार नाही.

तुझीच,
बाय