नकाशावरची माझी टाचणी

बाबा,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे पत्र मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहायला बसले की दोन ओळींत त्याचा ऑफिसचा ईमेल होतो, आणि जे कबूल करायचंय ते तसल्या भाषेत होत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. घर विकलं, तुमची आरामखुर्ची शेजारच्या म्हाताऱ्यांनी नेली. नकाशा मात्र मी कुणाला दिला नाही. तो आता इथे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीतच, आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी आहे. फोडणीचे शिंतोडे उडून अटलांटिक महासागरात हळदीचं एक बेट तयार झालंय. तुम्ही असता तर आधी रागावला असता आणि मग त्या बेटावर आपल्या आडनावाचं कुणी राहतं का, ते शोधायला लागला असता.

तुमच्या मुलाबरोबर तुमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले ती संध्याकाळ आठवते. लग्न ठरायचं होतं. मला वाटलं, तुम्ही शिक्षण विचाराल, नोकरी विचाराल, निदान नागपुरात उन्हाळा किती असतो ते तरी विचाराल. तुम्ही विचारलंत, "तुझ्या आडनावाची माणसं किती आहेत?" मी म्हटलं, "कोण जाणे. कधी मोजली नाहीत." तुम्ही काटा खाली ठेवलात. "मोजली नाहीत!" मी सांगितलं की आमच्या वर्गातच आम्ही पाच जणी होतो, आणि नागपुरात कुठेही दगड मारला तर तो आमच्यापैकीच कुणालातरी लागेल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी कुठल्यातरी राजघराण्यातली आहे. तुमचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, तेव्हा थोडं इकडेतिकडे होईल. तुम्ही म्हणालात, "एकतीस वर्षं मी टपाल वाटतोय. आमच्या आडनावाचं पत्र फक्त एका दारात टाकलंय. माझ्याच."

नकाशा त्याच संध्याकाळी दाखवलात. जन्माने आडनाव मिळालेल्यांची निळी टाचणी, लग्नाने आलेल्यांची पिवळी. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून निळ्या टाचण्यांचा एक छोटा घोळका. तिथून थोड्या बंदराच्या गावी सरकलेल्या, कारण काम तिकडे होतं. दोन ऑस्ट्रेलियात, एक कॅनडात. आणि एक विणकर आपल्या बायकोला घेऊन जहाजातून मॅसॅच्युसेट्सच्या कापड गिरण्यांत आला, ती आपली शाखा. घरोघरी मुलीच झाल्या, त्या लग्न करून दुसऱ्या आडनावात गेल्या आणि टाचण्या कमी होत गेल्या. काढलेल्या टाचणीचं भोक तुम्ही बुजवत नव्हता. सुट्टीत कुठे मोटेलमध्ये उतरलात की इतर लोक तलावाकडे धावायचे, तुम्ही आधी खणातली टेलिफोन डिरेक्टरी काढायचात. तुमचा मुलगा सांगतो की त्याचं सगळं बालपण "इथेही नाहीत" हे वाक्य ऐकण्यात गेलं.

लग्नानंतर आम्ही त्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेलो, जे नेमकं तुमच्या टपालाच्या वाटेवर होतं. रोज दुपारी तुमची ती पांढरी गाडी यायची, स्टिअरिंग उजवीकडे असलेली. सगळ्या अमेरिकेत आमच्याकडच्यासारखा बसून गाडी चालवणारा एकच माणूस, आणि तो माझा सासरा, याची मला गंमत वाटायची. मी घरी असले की तुम्ही पेटीत न टाकता वर यायचात, चहा घ्यायचात आणि पत्रांचा गठ्ठा हातात द्यायचात. पहिल्या हिवाळ्यापासून तर नेहमी पालथा. मला वाटायचं, पोस्टाची शिस्त असेल.

पहिल्याच डिसेंबरात माझ्याकडून तो पराक्रम झाला. तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा बदलीच्या माणसाने एक पाकीट टाकलं. इंग्लंडचं तिकीट, वर तुमच्या मुलाचं नाव नाही, फक्त 'मिसेस' आणि आपलं आडनाव. मला वाटलं, सासूबाईंसाठी आहे. त्यांना जाऊन तर चार वर्षं झाली होती. मी फार व्यवस्थित मुलगी. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'या नावाचं इथे कुणी राहत नाही', आणि परत पेटीत ठेवून दिलं. दोन दिवसांनी तुम्ही गणवेशात, बुटांना बर्फ लागलेला, सरळ स्वयंपाकघरात आलात आणि ते पाकीट माझ्या पोळपाटावर ठेवलंत. इंग्लंडमधले ते यादीवाले गृहस्थ, जे जगभरातल्या आपल्या आडनावाच्या माणसांची वही ठेवतात, त्यांनी नव्या सुनेला शुभेच्छा पाठवल्या होत्या.

"पाकिटावर असं लिहिण्याआधी," तुम्ही म्हणालात, "घरातली माणसं मोजावीत."

"मला वाटलं, आईंचं आहे."

तुम्ही पाकीट माझ्याकडे सरकवलंत. मग म्हणालात, "तिचं असतं तर मी ते माझ्याच घरी ठेवलं असतं. हे तुझं आहे."

तेवढ्यावर थांबायचं होतं ना मी! पण कानशिलं तापली होती, पोळी तव्यावर करपत होती, आणि मी म्हणून गेले, "हो हो, आता माझंही तेच आडनाव आहे. कागदोपत्री सगळं बदललंय. सवय नाही, म्हणून." तुम्ही करपणारी पोळी तव्यावरून काढलीत. मग "बरं" म्हणालात. त्या संध्याकाळी नकाशावर मॅसॅच्युसेट्समध्ये एक पिवळी टाचणी लागली.

बाबा, काहीही बदललं नव्हतं. वकिलाने बजावलं होतं की ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत नावाला हात लावू नका, नाहीतर पासपोर्टपासून पदवीपर्यंत सगळं विस्कटेल. कार्ड आलं तेव्हा मुलगी झाली होती. मग वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला नकोच होतं बदलायला. आडनाव जरी दगड मारल्यावर सापडणारं असलं तरी ते माझ्या वडिलांचं होतं, आणि ते माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. हे तुम्हाला सांगणं अवघड नव्हतं. पण टाचणी लागलेली होती, आणि तुमच्याकडे आले की दर वेळी ती तिथेच दिसायची.

त्यात माझ्या आईने भर घातली. दर रविवारी फोनवर तिचं एकच, "नवी सून घरात आली की कुलदैवताला नेतात. तुझ्या सासरचं कुलदैवत कोणतं?" मी तिला समजावलं की यांच्यात तसं नसतं. ती म्हणाली, "असं कसं नसतं? विचारलंस का?" म्हणून विचारलं. तुम्हाला सगळं समजावून सांगितलं, की प्रत्येक घराण्याचं एक मूळ ठिकाण असतं, तिथे जाऊन नारळ फोडतात, नव्या माणसाची ओळख करून देतात. तुम्ही नकाशासमोर उभे राहिलात. टाचण्यांच्या त्या घोळक्याच्या मधोमध एक खेडं होतं. आयुष्यभर तुम्ही त्याच्यावर बोट ठेवलं होतं, गेला नव्हतात कधी. "तिथे काहीच नसलं तर?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "आमच्याकडेही पुष्कळदा फक्त एक शेंदूर लावलेला दगड असतो."

आणि निघालोच आपण तिघं उन्हाळ्यात! खेडं म्हणजे सात-आठ घरं आणि एक चर्च. चर्चच्या आवारातले सगळे दगड तुम्ही वाचलेत, गुडघ्यावर बसून, शेवाळ खरवडून. आपल्या आडनावाचा एकही नाही. तुमचा चेहरा पाहून मला नारळाची पिशवी मागे लपवावीशी वाटली. मग आत फुलं सजवणाऱ्या बाई बाहेर आल्या, त्यांना तुम्ही आडनाव सांगितलंत, आणि त्या म्हणाल्या, "ते तर गिरणीमागचं ओलं शेत. तिथे गुरंसुद्धा रुततात." एका चिखलाचं नाव चारशे मैल नव्हे, चार समुद्र पार करून आलं होतं. तुम्ही इतके हसलात की त्या बाईंनी तुम्हाला बाकावर बसवलं. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, कुणी सरदार असेल," तुम्ही म्हणालात. शेतावर गेलो. तुम्ही बूट-मोजे काढून घोट्यापर्यंत चिखलात उभे राहिलात. नारळ फोडायला त्या अख्ख्या शेतात दगड मिळेना. शेवटी तुमच्या मुलाने भाड्याच्या गाडीचा चाक खोलायचा पाना आणला. पाणी मी शेताला दिलं, खोबरं आपण चौघांनी खाल्लं, फुलवाल्या बाईंसकट.

निघताना चर्चमधल्या वहीत तुम्ही तिघांची नावं लिहायला घेतलीत. स्वतःचं लिहिलंत, मुलाने त्याचं लिहिलं, मग पेन माझ्यासमोर आलं. मी पहिलं नाव लिहिलं आणि हात थांबला. तुम्ही हळूच वही मिटलीत. म्हणालात, "पाऊस येतोय, चला." पाऊस आला नाही.

हे सगळं आज का काढलं, तर यादीवाले गृहस्थ आता फार थकलेत. ते वही बंद करणार आहेत, आणि त्याआधी एक शेवटचं पुस्तक छापणार आहेत, नकाशासकट. तुमच्यामागे दर वर्षी आपल्या शाखेची खबर मीच त्यांना कळवते. या वेळी त्यांनी एक फॉर्म पाठवलाय. प्रत्येकाने आपलं अधिकृत नाव स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. तीन आठवडे तो फॉर्म फ्रीजवर चुंबकाखाली लटकतोय. खोटं लिहिलं तर तुमचं आयुष्यभराचं काम माझ्यामुळे छापील खोटं होणार. खरं लिहिलं तर मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले हे सही करून जाहीर करायचं, आणि पिवळी टाचणी काढायची. तुमच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "नकाशाच्या भानगडीत मी लहानपणापासून पडत नाही."

मागच्या शनिवारी लेक कॉलेजमधून घरी आली होती. मी पोहे करत होते, ती फ्रीजशी फॉर्म वाचत उभी होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. पाकीट, करपलेली पोळी, टाचणी, सगळं. वाटलं, तिला वाईट वाटेल, तिचा ग्रँपा म्हणजे तिचा जीव. ती फॉर्म सोडून माझ्याकडे वळली.

"आई, वेट. तुझी बँकेची, इमिग्रेशनची वगैरे लेटर्स कुठे यायची?"

"अपार्टमेंटवर. आणखी कुठे?"

"अँड हू डिलिव्हर्ड देम?"

मी कांदा परतत होते. उलथनं हातातच राहिलं.

"आई! ही वॉज द मेलमन! तू मेलमनपासून तुझं नाव लपवलंस?" ती हसत हसत खाली फरशीवरच बसली. पोहे लागले बुडाला. मीही हसायला लागले आणि मग मला रडू यायला लागलं, आणि ती म्हणाली, "ओह नो, आई, डोन्ट, इट्स सो फनी यार," आणि उठून तिने गॅस बंद केला.

बाबा, तुम्ही तो गठ्ठा पालथा द्यायचात. निवृत्त होईपर्यंत, दोन वर्षं, रोज. प्रत्येक पाकिटावरचं माझ्या वडिलांचं आडनाव तुम्ही वाचलं होतं, आणि मला ते तुमच्यासमोर वाचायला लागू नये म्हणून तुम्ही ते उलटं करून ठेवत होतात. मी मात्र पोस्टाच्या शिस्तीचं कौतुक करत होते! ज्या दिवशी स्वयंपाकघरात मी थाप मारली, त्या दिवशीही तुम्हाला माहीत होतं. तरी संध्याकाळी टाचणी लावलीत. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला फसवलं. तुम्ही मला तसं वाटू दिलंत, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीत. याचा मला राग येतोय आणि तुमची इतकी आठवण येतेय की काय सांगू.

काल फॉर्म भरला. अधिकृत नावाच्या रकान्यात माझ्या वडिलांचं आडनाव लिहिलं आणि सही केली. पुस्तकात खरं छापलं जाऊ दे, तुमचं काम स्वच्छ राहू दे. मग खुर्चीवर चढून पिवळी टाचणी काढली. भोक बारीकसं होतं, काठाला हळद लागलेली. जरा वेळ पाहिलं आणि टाचणी परत तिथेच लावली. पुस्तक त्यांचं आहे, भिंत माझी आहे.

हे पत्र कुठे पाठवणार, पत्ताच नाही. तरी तुमच्यापायी पाकीट घेतलंच. तुम्ही नेहमी सांगायचात की पाठवणाऱ्याचं नाव डाव्या कोपऱ्यात नसलेलं पत्र म्हणजे अर्धवट काम. तर डाव्या कोपऱ्यात आमचा पत्ता लिहिलाय, आणि वर 'मिसेस' लिहून आपलं आडनाव. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलंय. पत्र खणातच राहणार आहे, पण समजा चुकून गेलंच आणि परत आलं, तर त्या नावाचं इथे कुणी राहत नाही, असं मी या वेळी लिहिणार नाही.