मुलींच्या डब्या

४ फेब्रुवारी
जहाजातून उतरताना एक चप्पल पाण्यात गेली, तरी मी खुशीत आहे. बाविसाव्या वर्षी एका सबंध बेटाची क्षयाची तपासणी माझ्या हाती आली, आईला सांगितलं तर खरं वाटणार नाही. उतरलेय दवाखान्यात मदत करणाऱ्या माओनिबामावशीकडे. तिनं भाजलेला मासा नि गोड माडी पुढ्यात ठेवली, वर टोमणा, काडीसारखी दिसतेस, तिकडे राजधानीत, तारावात, खायला घालत नाहीत वाटतं. तिची नात तिरिया सतराची. आम्ही दोघी एकाच चटईवर निजतो.

१९ मार्च
डबीतली थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची, भिंगाखाली धरायची. लाल काड्या दिसल्या की क्षय. पुरुषांच्या डब्यांत हव्या तेवढ्या. नवल नाही, रोज सगळे एकाच करवंटीतून कावा, ते मुळ्या कुटून केलेलं नशेचं पेय, पितात. म्हाताऱ्यांचं तर विचारूच नका. पण पंधरा ते पंचविशीतल्या मुलींच्या एकोणतीस डब्या पाहिल्या, एकीतही काही नाही. दवाखान्याचे प्रमुख बाकातू म्हणतात, हा बाप्यांचा नि म्हाताऱ्यांचा रोग, पोरींना कुठला होतोय. तारावात मी माझ्या वयाच्या कितीतरी पोरी खोकताना पाहिल्यात. मला हे काही पटत नाही.

८ मे
आज तीन घरांशेजारी मुलींच्या ताज्या कबरी पाहिल्या. वयं सोळा, एकोणीस, वीस. कशानं गेल्या विचारलं, तर आया म्हणाल्या, बाहेरचं लागलं होतं. तिघींच्या डब्या मीच तपासल्या होत्या. तिघींच्या साफ होत्या.
तिरिया उशीत तोंड खुपसून खोकते.

२ जून
मुलींच्या डब्यांना तंबाखूचा वास येतो. सगळ्यांच्या, एकसारखा. या मुली विडी ओढत नाहीत. बिनलग्नाच्या मुलीनं कुणादेखत थुंकायचं नाही अशी इथली रीत, म्हणून मावशी रिकाम्या डब्या घरोघर नेते नि भरून आणते. कुणाच्या तोंडून भरून आणते? विडी दिवसभर तिच्याच ओठांत असते.

३ जून
विचारलंच. ती शांतपणे म्हणाली, हो, माझीच थुंकी, त्यात काय एवढं. पोरीच्या नावाला क्षय चिकटला तर तिला पदरात कोण घेणार? आयांनीच हात जोडले होते म्हणे. मी कबरींचं बोलले. तर म्हणाली, बिनडागाच्या गेल्या बिचाऱ्या.
मला तिची भीती वाटते. बाकातूंना सांगितलं, तर हसले. ती चाळीस वर्षं इथं राबतेय, तू आलीस काल.

२६ जुलै
आता एकही मुलगी मला डबी देत नाही. मला ताप. भिंगावर नजर ठरत नाही, काचा बाकातूच बघतात. तिरियाच्या कफात रक्त, आज माझ्याही. जहाज वीस ऑगस्टला. डबीत काड्या दिसल्या तरच तारावाला नेतात, नाहीतर जागा नाही.

१७ ऑगस्ट
दोघींच्या डब्या भरल्या, नावं घातली. मावशीच्या हाती नाही दिल्या. मला उठवत नाही, म्हणून बाकातूंकडे पोचवायला शेजारणीला दिल्या, तिची एकोणिसाची पोर गेली, तिला तरी कळेल म्हणून. चटईच्या भिंतीतल्या फटीतून पाहिलं — ती थेट मावशीकडे गेली.

१९ ऑगस्ट
बाकातूंचा निरोप. दोन्ही साफ. मुली निजतात त्या खोलीत पुरुषानं यायचं नाही, म्हणून बाहेरूनच. म्हणाले, लग्न ठरलं की जाईल खोकला —
मावशी दारात बसून असते.

२० ऑगस्ट
जहाज आलं. मी ओरडायला गेले, तर नुसता खोकलाच —
तिरिया उठत नाही. हात गार.
मावशी माझे केस विंचरतेय. म्हणते, तुझं नाव स्वच्छ ठेवलंय गं पोरी, घाबरू नको.
बाहेर बाप्ये खणतायत. तिरियाचा खड्डा झाला. झाला तरी थांबत नाहीत, शेजारी दुसरा —
मावशीला विचारलं, हा कुणाचा, तर ती