घोकलेला जॅझ

नागपूर, ११ जानेवारी १९५७

चि. जागेश्वर,

तू जाऊन वर्ष झालं, तरी हात 'चिरंजीव'च लिहितो. पत्र टाकायचं नाही, तेव्हा चूक खपून जाईल.

तुझं क्लॅरिनेट मी शिकतो आहे. हसू नकोस. शेवटच्या रविवारी तू अंगणात वाजवलेली ती जॅझची चाल मी पाठशाळेच्या सवयीनं मंत्रासारखी घोकली. श्वाससुद्धा तुझ्याच जागी घेतले.

काल तुझ्या क्लबात वाजवली. मधल्या भागात सगळा बँड थांबला. बँडचे परेरा मास्तर हळूच म्हणाले, "पंडितजी, ये तो जागेश्वर का है. इधर हर आदमी अपने मन का बजाता है."

मला वाटलं होतं, चालच तशी आहे! तो भाग तू त्या दिवशी मनानं वाजवला होतास, हे मला कुठे ठाऊक?

पुन्हा वाजवलं. चार बेसूर स्वर निघाले, पण माझे. मास्तर खूश झाले.

घरी येऊन तुझी चाल धरली, तर ते चार स्वर तिच्यात घुसलेले. आता तुझं कुठलं, माझं कुठलं, सांगता येत नाही. तुझं तेवढंच माझ्याजवळ होतं.

एकदा येऊन "दादा, काहून बिघडवून राहिला गा?" एवढं म्हण. चालीत कुठल्या स्वरावर म्हणतोस, त्यावरून माझे कुठले ते मी ओळखेन.

वाट पाहणारा,
शालिकरामदादा