नॉर्वेजियन शब्दांची शिवण

अण्णा,

आज दमलेय, म्हणून लिहायला बसलेय. तुमची नात, म्हणजे माझी लेक, नॉर्वेला असते. तिची मुलगी सात वर्षांची. तिला मराठी येत नाही, म्हणून या वयात मीच तिची भाषा शिकायला घेतली. मास्तर कोण, तर मोबाईल आणि एक वही.

तिकडे शब्दाला शब्द जोडायची भारी हौस. सोमर म्हणजे उन्हाळा, फेरिए म्हणजे सुट्टी. उन्हाळ्याची सुट्टी 'सोमरफेरिए'. 'सोम'वर सगळा भार, 'फे'वर त्याच्या निम्मा, बाकीचं जाता जाता. आपल्या तोंडाला ही सवय कुठली! आपण सगळ्या अक्षरांना एका पंगतीत बसवून सारखंच वाढणार. ओळ संपली म्हणून शब्द तोडायचा तर मात्र मी चुकत नाही: सोमर इकडे, फेरिए तिकडे. कानडी मुलखात, चामराजपेटच्या छापखान्यात तुम्ही अक्षरांचे खिळे जुळवायचात आणि सातवीनंतर मी शेजारी बसून कागदाच्या घड्या घालायचे. एकदा तुम्ही मला एक इंग्रजी ओळ जुळवायला दिलीत. 'गेटकीपर' मावेना, मी 'गेटकी'पाशी तोडला. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "शिवणीवर उसव गं बाई, कापड कशाला फाडतेस?" सगळे हसले, मी रडले. पण ते डोक्यात राहिलं.

महिनाभर घोकून गेल्या रविवारी फोनवर माझ्या नातीला तिच्याच भाषेत विचारलं, सोमरफेरिएत येशील ना? ती पडद्यावर टाळ्या वाजवून मला सुधारत बसली, एक जोरात, एक हळू. पाचव्यांदा जमलं, तोवर ती उठून खेळायला गेली होती. लेक म्हणाली, "आई, या वर्षी नाही गं जमत. आणि तू कशाला एवढा त्रास घेतेस? ती स्वल्प मोठी झाली की तिला इंग्लिश येईलच." "सरी, बरं," म्हटलं. तोवर मी असायला हवी ना, हे नाही म्हटलं.

अण्णा, घरी आल्यावर तुम्ही भिंतीला टेकून बसायचात, एक शब्द बोलायचा नाहीत. मला वाटायचं, माझ्यावरच राग आहे; चहा ठेवून मी पळायचे. दिवसभर परक्या भाषेची अक्षरं वेचून माणूस असं दमतं, की आपल्या माणसांसाठीही शब्द उरत नाहीत, हे आता कळतंय. नुसतं शेजारी बसायला हवं होतं मी.

आज पुन्हा रविवार. मघाशी फोन वाजला. मी समोरच होते, वाजू दिला. लेकीला नंतर कळवलं, देवळात गेले होते.