आवाजाची फाइल

रविवार, ८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं जहाज पुढच्या बंदराला लागेल तेव्हा हे पाकीट तिथे तुझी वाट बघत असेल. 'आम्ही मजेत आहोत' असं लिहून खोडलं, म्हणून वरच्या ओळीवर काट दिसतेय. तुझ्या खोलीला नवे पडदे लावलेत, निळे. सकाळचं ऊन त्यातून आत आलं की घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. भांड्यांचे, रस्त्यावरचे आवाजसुद्धा पाण्यातून आल्यासारखे हळू पोचतात. हल्ली मी त्या उजेडात नुसतीच बसून राहते.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "आई कुठेय?" मी म्हटलं, तलावावर गेलीय. त्याच्या आधीच्या वेळी म्हटलं होतं, झोपलीय. तू हसलास, "या बाईला पोरापेक्षा तलाव प्यारा!" त्याबद्दल सांगतेच, पण आधी ऑफिसचं ऐक.

माझं काम तुला अजून धड माहीत नाही. लोक एखादा प्रोग्रॅम इन्स्टॉल करतात तेव्हा पडद्यावर जी वाक्यं येतात, ती मी लिहिते. प्रोग्रॅमला चालायला पुष्कळदा दुसरा प्रोग्रॅम किंवा एखादी फाइल लागते. आम्ही त्याला डिपेंडन्सी म्हणतो. ती नसेल तर माणसाला सरळ सांगावं, काय नाही, कुठे मिळेल, आता काय करायचं. आमच्या साहेबांचं मत वेगळं. "लोक घाबरतात गं. 'झालं' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

आमचा नवा प्रोग्रॅम, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आहे. आपण टॅबवर लिहायचं, टॅब बोलतो.

तो आईसाठी घेतलाय, दादा.

हिवाळ्यात तिचा आवाज बसला होता, ती सर्दी नव्हती. घशात गाठ होती. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. गाठ पूर्ण गेली, डॉक्टर समाधानी आहेत, आई खाते-पिते, फिरते. पण श्वास आता गळ्यावरच्या छिद्रातून घेते आणि तिथे पाणी जाऊन चालत नाही. म्हणजे पोहणंही संपलं. अर्ध्या गावाला तिने पोहायला शिकवलं. तिची हाक बुडी मारलेल्यालाही ऐकू जायची. आता ती तलावाच्या पायरीवर बसून पाण्याकडे बघते. तुला कळवायचं नाही, हे तिनेच पाटीवर लिहून मला बजावलं होतं. "तो समुद्रात आहे. उगाच जिवाला घोर."

टॅब आणला तेव्हा तिने मला हातही लावू दिला नाही. सगळं स्वतः केलं. संध्याकाळी मी घरी आले तर ती निळ्या पडद्याशी बसून एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होती. "अगं." बटण दाबायची, थांबायची. "अगं." टॅबच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'इन्स्टॉलेशन यशस्वी'. आवाजाचा पत्ता नाही. मला बघून तिने पाटी उचलली. "माझंच काहीतरी चुकतंय. राहू दे हे."

चुकलं तिचं नव्हतं. बोलायला आवाजाची वेगळी फाइल लागते, ती उतरलीच नव्हती. आणि आमचा प्रोग्रॅम त्याबद्दल चकार शब्द न काढता पुढे निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊनच ऑफिसात गेले. साहेबांच्या टेबलावर टॅब ठेवला. "सर, आईने काल घरी हा एकटीने लावला. आता ती पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करेल. तुम्ही फक्त बघा."

'यशस्वी' आलं. आईने 'नमस्कार' लिहून बटण दाबलं. खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता. साहेब वाकले, त्यांनी टॅबला कान लावला. मग विचारलं, "काकू, काल काय वाटलं तुम्हाला?"

आईने पाटीवर लिहिलं, "वाटलं, आता मशीनलाही मी ऐकू येत नाही."

साहेबांनी टॅब माझ्याकडे सरकवला. मग मला म्हणाले, "लिही तुला हवं ते. पण नीट लिही."

मी लिहिलं: 'बोलण्यासाठी आवाजाची फाइल लागते. ती अजून आलेली नाही, म्हणून प्रोग्रॅम बोलू शकणार नाही. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. इंटरनेट चालू ठेवून खालचं बटण दाबा.' फाइल येईपर्यंत 'यशस्वी' दाखवायचंच नाही, अशी सोय आमच्या इंजिनिअर बाईंनी केली. सगळं तयार झाल्यावर आईला पुन्हा बोलावलं. तिने तिसऱ्या वाक्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि बटण दाबलं. मग काहीतरी लिहिलं, आणि सगळ्या ऑफिसासमोर टॅब बोलला, "केस किती पिंजारलेत तुझे!"

मी हसले की रडले, विचारू नकोस.

काल ती टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून तलावावर गेली. पाण्यात एक जाडजूड वकील धडपडत होते. पायरीवरून आवाज आला, "पाय सरळ! गुडघे वाकवू नका!" वकीलसाहेबांनी दचकून चहूकडे पाहिलं आणि पाय सरळ केले. आई पाण्याकडे बघत होती, पण आता शिकवणारीच्या नजरेने.

आज सकाळी तिनेच सांगितलं, "त्याला कळव. सगळं कळव."

एक गोष्ट मात्र मी माझ्याकडून सांगते. टॅबमधला आवाज तिचा नाही, कुणा परक्या बाईचा आहे. तुझं नाव तो सपाट उच्चारतो, आई शेवटी लांबवायची तसं लांबवत नाही. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा आत कुठेतरी तुटेल. मलाही तुटलं. पण वाक्यं तिचीच आहेत, खोट काढणारीसुद्धा.

बंदराला लागलास की फोन कर. ती स्वतः उचलेल. आधी काहीच ऐकू येणार नाही. लाइन गेली असं समजू नकोस, हॅलो हॅलो करू नकोस. ती लिहीत असेल, आणि ती हळू लिहिते.

फोन ठेवू नकोस, दादा.

तुझी,
धाकटी