गंगरेलमध्ये काय झालं ते शेखरले सांगते

विहंग,

तू झोपून होता, म्हणून उठवलं नाही. पराठे डब्यात आहेत. मी तात्यापारा मोहल्ल्यात, तुझ्या दोस्ताच्या, शेखरच्या घरी चालली.

काल गंगरेल धरणात तुझी ती वल्ह्याची छोटी कयाक उलटली, तेव्हा मी काठावरून पाहून राहिली होती. तुले पोहता येते, तरी परत कयाकवर चढता आलं नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे ढिले होते, ते सरकून तुझ्या तोंडावर आलं. बोटवाल्या भैयानं ओढलं म्हणून निभावलं. अन् घरी येऊन तू शेखरले फोनवर काय म्हणाला? "मस्त मजा आली रे, काही कठीण नाही!"

आज तुम्ही दोघं विशाखापट्टणमले निघून राहिले, समुद्रात कयाक चालवायले. तिथं लाटा राहतात, वारा किनाऱ्यापासून दूर लोटते. शेखरले तर पोहताच येत नाही. तो तुझ्या भरोशावर येऊन राहिला.

तुले अडवत नाही. नवं जॅकेट बॅगेत ठेवलं, पट्टे घट्ट बांधजो. उलटल्यावर कसं चढायचं, ते आधी काठाजवळ शिकून घेजो. पण कालचं खरं शेखरले कळलं पाहिजे. मग जायचं का नाही, त्यानं ठरवावं.

तू माझ्यावर रागावशील. खुशाल रागव, पण धडधाकट परत येऊन रागव.

स्वरदाताई