इंजिन बंद ठेवून

ती. ताईस,

कृ. सा. नमस्कार. (वाकून केलेला समज, गाडी ढकलून कंबर धरली आहे, ते पुढे सांगते.) तुझा खुबा कसा आहे? फोनवर ‘मी ठणठणीत आहे, पेट्रोल जाळत येऊ नकोस’ म्हणालीस, तेव्हा मागे दाराची बेल वाजतच होती आणि तू उठली नाहीस. मला ऐकू येतं, ताई. तेव्हापासून माझा घरात पाय ठरत नाही. खिडकीशी जाते, परत येते, किल्ली हातात घेते, ठेवते.

इकडे परदेशातून तेलाची जहाजं येईनाशी झाली आहेत. रस्ते आपले, गाड्या आपल्या, खड्डे तर अस्सल आपलेच. तेल तेवढं दुसऱ्याचं, हे आमच्याकडे रोज चहाबरोबर ऐकावं लागतं. मोतीबिंदूमुळे ह्यांचं गाडी चालवणं सुटलं, पण भिंग घेऊन पेपरातला नकाशा बघतात आणि जहाज कुठे अडलंय ते मला अशा सुरात सांगतात, जणू मीच ते सोडवून आणायचं आहे. तुझ्या गावची बसही बंद झाली. म्हणून मी ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं. (हसू नकोस, खुबा दुखेल.)

लगेच पंप कोरडे पडले. मास्तर मात्र हटले नाहीत. इंजिन बंद ठेवून शिकवू म्हणाले. शाळेमागच्या उतारावर एकाने स्टिअरिंग धरायचं, बाकीच्यांनी ढकलायचं, आणि गिअर कधी बदलायचा ते कळावं म्हणून इंजिनाचा आवाज तोंडाने काढायचा. माझ्याबरोबर एक नर्स आणि एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. मॅनेजरांचा टॉप गिअर ऐकून कुत्री रस्ता बदलतात. मी लाजत होते, तर मास्तर म्हणाले, “आजी, गाडी मुकी आहे, तुम्ही तरी बोला.” मागून नर्सबाई म्हणाल्या, “आधी ब्रेकवरचा पाय काढा हो. मघापासून आम्ही डोंगर ढकलतोय.”

कॉन्व्हेंटमधला पियानो आठवतो? एकच होता, म्हणून सिस्टरनी आपल्याला फळीवर रंगवलेल्या पट्ट्यांवर शिकवलं. वर्षभर आपण शेजारी बसून, पाठ ताठ ठेवून, न वाजणारं वाजवत होतो. तुझं चुकलं की मला कळायचं, कसं ते देव जाणे. मग खऱ्या पियानोतून आवाज निघाला तेव्हा दचकून तू स्टुलावरून पडलीस. उतारावर गाडी मुकाट सरकते तेव्हा तू शेजारीच बसली आहेस असं वाटतं, आणि माझी गाडी रस्त्याकडेच्या खांबाकडे जाते.

परवा परीक्षा झाली, तीही उतारावर. मी आरसे पाहिले, हात दाखवला, वळणावर तोंडाने हॉर्न दिला. आरटीओचे साहेब म्हणाले, “आता मागे घ्या.” मी काच खाली करून नर्सबाईंना पुढून ढकलायला सांगितलं. पास केलं. इंजिन चालू असलेली गाडी मी अजून चालवलेली नाही, एवढी किरकोळ बाब सोडली तर लायसन्स पक्कं आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. रविवारी सकाळी निघते. नको म्हणायला फोन केलास तर उचलणार नाही.

आणखी एक. आमच्या गाडीच्या टाकीत तुझ्या दारापर्यंत जेमतेम पुरेल एवढंच पेट्रोल आहे. ह्यांच्या जेवणाचं जाऊबाईंना सांगून ठेवलंय. ह्यांना मात्र संध्याकाळी परत येते असं सांगितलं आहे. तू खिडकीजवळची खाट रिकामी करून घे, आणि देवाला सांग, जहाज सावकाश येऊ दे.